फोटोतला पाचवा माणूस

रविवारी सकाळी नऊ वाजता सासऱ्यांनी घरच्या ग्रुपवर एकच ओळ पाठवली: ‘कालच्या फोटोतला पाचवा माणूस कोण?’

पाठोपाठ मला तीन फोन आले. पहिला सासूबाईंचा: “तुम्ही सांगितलंत?” दुसरा मेहुण्याचा: “तू सांगितलंस?” तिसरा मेहुण्याच्या बायकोचा. वहिनींनी विचारलंही नाही. “वाटलंच होतं,” एवढं म्हणून फोन ठेवला. माझ्या बायकोला फोनची गरज नव्हती. ती समोर बसून माझ्याकडे बघत होती.

आता हे प्रकरण पहिल्यापासून सांगतो, कारण यात माझी बाजू चांगली आहे. निदान सुरुवातीला.

मी एका दैनिकात फोटोओळी लिहितो. फोटोखालची ती बारीक अक्षरांतली ओळ, जी वाचक फक्त चूक झाली की वाचतो. उद्घाटनाच्या फोटोत कात्री कोणाच्या हातात आणि नुसताच हात पुढे कोणाचा, हे माझ्याइतकं नेमकं लिहिणारा आमच्या कार्यालयात दुसरा कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

सासरे विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचे. जळलेल्या दुकानात जाऊन आग आधी लागली की विमा आधी काढला, हे शोधून काढायचं काम. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. संशय शाबूत राहिला. उलट डोळ्यांचं कामही आता तोच बघू लागला.

त्यांचं घर दुमजली, जिना अरुंद, खोली वर. त्यांनी तळमजल्यावरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये राहायला जावं, असं दोन्ही मुलांचं मत. त्यांचं उत्तर ठरलेलं: “हा जिना माझ्या पायांना पाठ आहे. नव्या घरात नेलंत तर तिथे मी खरा आंधळा होईन.” त्यानंतर हा विषय कोणी काढला नाही. कोणी काढत नाही, याचाच त्यांना जास्त संशय यायचा.

आलेला मजकूर त्यांचा फोन मोठ्यानं वाचून दाखवतो. पण फोटो आला की त्याची बोलती बंद. एकदा चहा घेताना त्यांनी तो माझ्यासमोर चालवला. फोन म्हणाला, “फोटो. फोटो. फोटो. फोटो.”

“ऐकलंत?” सासरे म्हणाले. “मुलगा सहलीला जाऊन आला, त्याचा हा वृत्तान्त. पोस्टमननं दार वाजवायचं आणि पत्र खिशात घालून निघून जायचं, असं चाललंय. बाकीचे सगळे ‘वा, वा’ लिहितात. कशाला वा, ते मला कळत नाही.”

“बाबा, मी लिहितो ना,” मी म्हणालो. “प्रत्येक फोटोखाली दोन ओळी. काय आहे, कोण आहे, डावीकडून उजवीकडे. विशेषणं नाहीत, मत नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच. फोन तुम्हाला वाचून दाखवेल.”

“तुम्ही? पेपरवाले?”

“खात्री बाळगा.”

“ते मी कधी करत नाही,” ते म्हणाले. “पण लिहा.”

बायको आतून म्हणाली, “मी असेन त्या फोटोत विशेषण चालेल.”

पहिला आठवडा सोन्याचा गेला. सासरे ग्रुपवर उत्तरं देऊ लागले, प्रश्न विचारू लागले. मी मनातल्या मनात स्वतःचा सत्कारही करून टाकला होता. मग वहिनींनी आपल्या दिवाणखान्याचा फोटो टाकला. मी लिहिलं: ‘सोफा, करडा. वहिनी बसलेल्या. कोपऱ्यात उंच काचेची फुलदाणी, तिच्यात दोन छत्र्या.’

ती फुलदाणी सासूबाईंनी दिलेली होती. फोटो त्यांनीही पाहिला होता, पण छत्र्या त्यांना दिसल्या नव्हत्या. सासऱ्यांच्या फोननं त्या मोठ्यानं वाचल्या, तेव्हा सासूबाई शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. नंतर त्यांचा आणि वहिनींचा अर्धा तास फोन झाला. फोटो घरात सगळ्यांनी पाहिला होता, पण कळला होता तो फक्त ज्याला दिसत नाही त्या माणसाला.

मग मेहुण्याचा फोटो. त्याचं गोड खाणं डॉक्टरांनी बंद केलेलं. मी लिहिलं: ‘मेहुणा, उजवीकडे, हातात केकची प्लेट. पुढ्यात आणखी एक प्लेट, रिकामी.’

मेहुणा म्हणाला, “ती दुसऱ्याची होती.”

“असेल. मी फक्त रिकामी लिहिलं.”

“तुला दुसरं काही दिसत नाही का रे?”

“दिसतं. तुझ्या शर्टावर चॉकलेट होतं. मी सोडून दिलं.”

तेव्हापासून माझ्यासमोर कोणी मोकळेपणी फोटो काढेना. मी खोलीत शिरलो की लोक कपाटाची दारं लावून घेत. बायको फोटोआधी टेबल आवरी आणि फोटोनंतर मला विचारी, “काय लिहिणार आहेस?” पेपरात असूनही माझी इतकी भीती कधी कोणाला वाटली नव्हती.

शनिवारी सासूबाईंचा वाढदिवस होता. सगळे त्यांच्याकडे जमलो. जेवण झाल्यावर सासरे वर झोपायला गेले आणि मी खाली जिन्यापाशी चौघांचा फोटो काढला: सासूबाई, बायको, मेहुणा, वहिनी. काढल्यावर फोनमध्ये बघतो तर उजव्या कडेला एक पाचवा माणूस. हातात पिवळी टेप. जिन्याची पायरी मोजतोय.

मी मान वर केली. तो खरंच तिथे होता.

सासूबाईंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. “याचं यांना काही कळता कामा नये. चारच माणसं लिहा.”

“पण आई, तो जिना मोजतोय.”

“मोजू दे. मुलांनी काही ठरवलं असेल. वाढदिवसाच्या दिवशी मला घरात भांडण नको.” मग हळूच म्हणाल्या, “तुम्ही पेपरात सगळं छापता का?”

हा प्रश्न माझ्या वर्मी लागला. सगळं छापत नाही. कडेला नको असलेला माणूस आला तर आम्ही फोटो कापतो. मी कापला. चारच माणसं उरली. मग ग्रुपवर टाकून खाली लिहिलं: ‘जिन्यापाशी चौघे. सासूबाई मध्यभागी.’ यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मूळ फोटो मी पुसून टाकला. नीटनेटकेपणाची सवय.

आणि रविवारी सकाळी ती ओळ आली.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा मेहुणा आणि वहिनी आधीच येऊन बसले होते. सासरे खुर्चीत ताठ, फोन मांडीवर. खोलीत जळलेल्या दुकानाचा वास यायचा तेवढा बाकी होता.

“जावईबापू, बसा. माझ्या फोनमध्ये कालपासून नवीन सोय आलीय. फोटो आला की तो स्वतःच बघून सांगतो.” त्यांनी बोट फिरवलं. फोन म्हणाला, “फोटोत पाच माणसं, एक जिना, एक कुत्रा असावा.”

“आपल्याकडे कुत्रा नाही,” वहिनी म्हणाल्या.

“ते मला माहीत आहे. हा प्रत्येक फोटोत कुत्रा बघतो. ते सोडा. एका घटनेचे दोन साक्षीदार. एक म्हणतो चार, दुसरा म्हणतो पाच. जावईबापू, तुम्ही चार लिहिलंत.”

“हो.”

“पाचवा कोण?”

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बायको बघत होती. कापताना त्या माणसाचा खांदा राहिला असणार, असं माझ्या मनानं घेतलं. मी वीस वर्षांत एकही चुकीची ओळ छापलेली नाही.

“बाबा, मला तसं लिहायचं नव्हतं,” मी म्हणालो. “तो मोजमाप करणारा माणूस होता. टेप घेऊन जिना मोजत होता. तुम्ही वर झोपला होतात.”

“कोण मोजमाप करणारा?” सासरे म्हणाले.

“पाचवा.”

“अहो, जिन्यापाशी खुंटीवर माझा कोट असतो, त्यावर टोपी असते. हा फोन त्यालाच माणूस समजला असणार, अशी माझी अटकळ होती. खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं.”

मी फोटो उघडून पाहिला. कापलेला भाग अगदी स्वच्छ कापलेला होता. खांदा नव्हता, बोट नव्हतं. मागे खुंटीवर कोट होता, वर टोपी. चौघांच्या मागे सासरे उभे असल्यासारखा. हे मी माझ्या वर्णनात लिहिलंच नव्हतं.

“म्हणजे घर मोजून झालं,” सासरे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “कोणी बोलावला होता?”

सासूबाई म्हणाल्या, “मला वाटलं, यानं पाठवला.”

मेहुणा म्हणाला, “मी? मला वाटलं, बहिणीनं बोलावला.”

बायको म्हणाली, “मी कशाला बोलावू? मी समजले, दादाचंच काम आहे. म्हणून तर गप्प बसले.”

“दार कोणी उघडलं?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “तो म्हणाला, घराचं माप घ्यायचंय. मी म्हटलं, या.”

“आणि तुम्ही सगळ्यांनी तो माझ्यापासून लपवला. कोण आहे हे माहीत नसताना.” सासरे पुढे सरकले. दोन वर्षांत त्यांना एवढं ताजंतवानं मी पाहिलं नव्हतं. “ठीक. चौकशी करू. दिसायला कसा होता?”

“मिशा होत्या,” मेहुणा म्हणाला.

“नव्हत्या,” वहिनी म्हणाल्या.

“उंच होता. निळा शर्ट,” बायको म्हणाली.

“ठेंगणा. आणि शर्ट कसला, स्वेटर होता,” सासूबाई म्हणाल्या. “चांगल्या घरचा वाटला हो. पाणी मागितलं.”

“जावईबापू? तुम्ही तर फोटो काढलात.”

“टेप पिवळी होती,” मी म्हणालो.

“मूळ फोटो?”

मी गप्प राहिलो. त्यांना ते ऐकू आलं.

“घरात दहा डोळे,” सासरे म्हणाले, “आणि एक कोट. त्यातला कोट तेवढा जागेवर होता.” मग उठले, भिंतीला हातही न लावता जिना चढून वर गेले.

ही झाली रविवारची हकीकत. त्यानंतर मेहुण्यानं आणि बायकोनं पुन्हा शपथेवर सांगितलं, की आपण कोणाला बोलावलं नाही. दोघांचाही आता एकमेकांवर विश्वास नाही. माझ्यावर दोघांचाही नाही.

आज दुपारी कार्यालयात सासूबाईंचा फोन आला. कुजबुजत म्हणाल्या, “तो परत आलाय. वरचा मजला राहिलाय म्हणतो. यांनी त्याला समोर बसवून घेतलंय आणि मला बाहेर घालवलंय.” फोन कट झाला. त्यानंतर दोघांपैकी कोणीच उचलत नाही.

थोड्या वेळानं सासऱ्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. त्यांनी स्वतः काढलेला पहिला. खाली त्यांनी बोलून लिहिलंय: ‘हाच तो. जावईबापू, वर्णन करा. यावेळी पूर्ण.’

मेहुण्यानं विचारलंय, कोण आहे? बायकोनं विचारलंय, कोण आहे? वहिनींनी ‘वा, वा’ लिहिलंय, सवयीनं.

मी फोटो मोठा करून, फिरवून, उजेड वाढवून पाहिला आणि जे दिसतं तेवढंच लिहिलं: ‘अंगठा, उजवा. फोटोचा बहुतेक भाग त्यानंच व्यापलेला. मागे कोट आणि टोपी. कोटात माणूस आहे की नाही, हे या फोटोवरून सांगता येत नाही.’

सासऱ्यांनी ते ऐकलेलं दिसतं, कारण आत्ताच त्यांचं उत्तर आलंय: ‘माझ्या फोनलाही माणूस सांगता येत नाही. म्हणतो, एक कुत्रा असावा.’