अर्धी मात्रा आधी

दहीहंडीला आमच्या परळच्या चाळीत थर कोसळला, की बायका देवाचं नाव घ्यायच्या आणि दुसऱ्या मजल्यावरून भाई पेडणेकर ओरडायचे, "पोरांनो, परत एकदा पडा रे. नीट ऐकू नाही आलं."

भाईंचा जन्म सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवण्यात गेला. ते काम कॉम्प्युटरने खाल्लं, तेव्हा त्यांनी मुंबईचे सगळे सण एका मोठ्या रचनेत बसवायचं मनावर घेतलं. शब्द नाहीत, गाणं नाही, नुसत्या वाद्यांतून होळी पेटणार, हंडी फुटणार, गणपती बसणार. झालं! तेव्हापासून आम्हाला एक सण सुखाने करता आला असेल तर शपथ. होळीला माझ्या नवऱ्याने मनापासून बोंब ठोकली, तर भाई म्हणे, छान आहे, पण जरा वरच्या पट्टीत घे. पुढच्या होळीला हा गप्पच.

पण भाईंचा खरा राग बायकोवर. सुमनकाकू आरतीत कायम अर्धी मात्रा आधी सुरू व्हायच्या. मोदक निवतील म्हणून घाई! भाई झांज थांबवून सगळ्यांदेखत म्हणायचे, "थांब गो जरा!" चाळ हसायची, काकूही हसायच्या, आणि पुढच्या कडव्याला पुन्हा आधी.

काकू गेल्या. आरती अगदी तालात होऊ लागली आणि भाई आरतीला यायचेच बंद झाले. आम्हाला वाटलं, म्हातारा शिष्ट झाला.

गेल्या वर्षी दादरच्या एका हौशी वाद्यवृंदाने त्यांची रचना वाजवायला घेतली. तालमीला सोबत म्हणून मी गेले. हंडीचा थर असा काही कोसळला, की मी खुर्ची घट्ट धरली. मग आरती आली आणि वाद्यवृंद चालवणाऱ्या मुलीने हात वर केला. बासरी अर्धी मात्रा आधी येतेय, लिहिताना चुकलं असणार, सरळ करून घेते, म्हणाली.

"नको," भाई म्हणाले.

तिने परोपरीने समजावलं. लोक वाजवणाऱ्यांना हसतील. चूक ठेवायचीच असेल, तर रचना कार्यक्रमातून काढावी लागेल. भाई कागद गोळा करू लागले. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं आमचे कान खाल्ले आणि आता अर्ध्या मात्रेसाठी घरी निघाले! तसं तोंडावर म्हटलं मी.

"तुला नाही ओळखू आली?" भाई म्हणाले. "सरळ केली, तर ती सुमन राहत नाही गो."

मग त्या मुलीला मीच सगळं सांगितलं, मोदकांसकट. तिने कागद परत मागून घेतले.

कार्यक्रमाला अख्खी चाळ लोटली होती. आरतीत बासरी आधी शिरली आणि आमच्या सगळ्या रांगा एकदम हसल्या, पूर्वी हसायच्या तशाच. बाकीचे लोक वळून बघत होते. बघेनात का! हसता हसता मला रडू आवरेना. भाई शेजारी ताठ बसले होते. पुढच्या कडव्याला बासरी पुन्हा आधी आली.

"थांब गो जरा," ते म्हणाले. अगदी हळू, दारातून निघालेल्या माणसाला म्हणतात तसं.