हिरवंच राहिलेलं निकेल

रेवतीची बदली कांदिवलीच्या शाखेत झाली आणि मुलुंडच्या कॉलेजात तिच्याबरोबर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या देवव्रतला अन्न गोड लागेना. प्रयोगशाळेत ती समोरच्याच टेबलावर असायची. रोज त्याला मनातलं सांगावंसं वाटायचं आणि रोज तो उकाड्याबद्दल बोलून घरी जायचा. आता ते टेबल रिकामं दिसणार होतं.

निरोपाचं भाषण करायची त्याची छाती नव्हती, म्हणून त्याने प्रयोग दाखवायचं ठरवलं. निकेलभोवती पाणी असलं की द्रावण हिरवं. अमोनिया पाण्याला हुसकावून निकेलला जास्त घट्ट धरतो, त्याच्या डी-ऑर्बिटलमधली फूट, म्हणजे ऊर्जेतलं अंतर, वाढते आणि रंग जांभळट निळा होतो, नेमका रेवतीच्या आवडत्या साडीचा. शेवटी कार्बन मोनॉक्साइडचं सांगायचं: तो धातूला इलेक्ट्रॉन देतो तसे धातूकडून घेतोही, म्हणून तिथे फूट सगळ्यात मोठी आणि बंधही घट्ट. शहाण्या माणसाला एवढ्यावरून आपल्या मनातलं कळायला हवं. आठवडाभर कॉलेज सुटल्यावर त्याने प्रयोगशाळेत मोठ्याने बोलत रंगीत तालीम केली.

निरोपाला रेवती तीच साडी नेसून आली. देवव्रतने अमोनिया ओतला. द्रावण हिरवं. आणखी ओतला. जरा फिकट हिरवं. विभागप्रमुख चंद्रप्रकाश सरांनी घड्याळाकडे पाहिलं, तशी याने घाबरून अख्खी बाटलीच उपडी केली. बीकर भरून वाहिला आणि ओघळ थेट पेढ्यांच्या खोक्यात शिरला. निकेलचे पेढे कोण खाणार? पोरं पोट धरून हसली. रेवती मात्र डोळ्यांना पदर लावून बाहेर गेली.

तो मागोमाग गॅलरीत धावला. "सॉरी गं. अमोनिया झोंबला ना डोळ्यांना?"

"बाटलीत अमोनिया असता तर रंग नसता का बदलला?" ती म्हणाली. "रोज तालीम करतोस आणि बाटलीला बूच न लावता जातोस. सगळा उडून गेला, नुसतं पाणी उरलं."

त्याला पटलं. शास्त्र बरोबरच होतं. मग जरा उशिराने त्याला दुसरंही सुचलं.

"मग रडतेयस कशाला?"

"आठवडाभर दाराबाहेर उभी राहून ऐकतेय मी तुला," रेवती म्हणाली. "आणि आज कार्बन मोनॉक्साइडपर्यंत आलाच नाहीस ना."