दुर्सूनकाकांच्या शेगडीची झडप

दुर्सूनकाकांना जाऊन चाळीस दिवस झाले, आज त्यांचा चाळिसावा होता. त्यांच्या मुलाने, नेवझातने, सकाळीच हुकूम सोडला, "आई, आज तू शेगडीला हात लावायचा नाहीस. तू नुसती बस."

शाझियेकाकू बसल्या. म्हणजे स्वयंपाकघरात उभ्या राहून रव्याचा हलवा ढवळू लागल्या.

प्रश्न शेगडीचा नव्हता, घराचा होता. नवरा खाणीतून धडधाकट निवृत्त झाला आणि पेन्शन खात खात खोकल्याने गेला. आता काकूंना झोंगुल्दाकच्या उतारावरचं हे घर सोडायचं नव्हतं आणि नेवझातला त्यांना अंकाराला न्यायचं होतं. त्याचं म्हणणं एकच, की बैठकीत घर गरम ठेवणारी ती कोळशाची बंद शेगडी सांभाळणं एकट्या म्हाताऱ्या बाईचं काम नाही. धुराच्या नळीतली झडप चुकली की धूर आत कोंडणार आणि सकाळी शेजाऱ्यांना दार फोडावं लागणार. अशा बातम्या आमच्या गल्लीनेही ऐकलेल्या, त्यामुळे कुणाला त्याच्याशी वाद घालता येईना. पाहुणे गेले की आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, असं मायलेकांचं ठरलं होतं.

"नेवझात, लोदोस सुटलाय रे," काकू आतून म्हणाल्या. "दक्षिणेचा वारा असला की ही शेगडी..."

"आई, मी याच घरात वाढलोय!"

वाढला होता खरा, पण शेगडीच्या पुढ्यात लोळत. त्याने बादलीभर कोळसा आत ओतला आणि संध्याकाळपर्यंत टिकावा म्हणून नळीतली झडप जवळजवळ मिटून टाकली. बाबा झोपताना असंच करायचे, एवढं त्याच्या लक्षात होतं. वारा पडलेला असेल तेव्हाच करायचे, हे मात्र तो विसरला होता.

दुपारी माणसं जमली. इमामसाहेबांनी पठण सुरू केलं. थोड्याच वेळात सगळ्यांचे डोळे पाझरू लागले. बाबांवर गावाचा एवढा जीव होता, हे पाहून नेवझातलाही भरून आलं. तेवढ्यात इमामसाहेबांना ठसका लागला आणि खाणीतले जुने मुकादम क्याझिम उस्ताद नाक पुसत म्हणाले, "पोरा, दुर्सूनसाठी मी रडतोय हे खरं. पण एवढा नाही. झडप बघ."

नेवझात उठायच्या आत खाणीतलेच दुसरे म्हातारे, रिफ्कीकाका, उठले. त्यांची आणि उस्तादांची हयात जमिनीखाली हवा खेळवण्यात गेलेली आणि दोघांचं एकमेकांशी कधीच पटलेलं नव्हतं.

"खालचा राखेचा खण बाहेर ओढ," उस्ताद म्हणाले. "हवा मिळाली की धुराला वर ओढ लागते."

"ओढू नका! सगळा धूर खालून येईल. तुमच्या बोगद्यातसुद्धा असाच यायचा."

"माझ्या बोगद्यात? तुझ्या बोगद्यात तर छत कोसळेल म्हणून उंदीरसुद्धा टोपी घालून फिरायचे!"

एकाने खण ओढला, दुसऱ्याने ढकलला. झडप नेवझातने उघडली, घाईत कुणीतरी पुन्हा फिरवली. खोलीत समोरचा माणूस दिसेना. "अहो, माणसाला पोचवून झालंय, आता आम्हाला नका पोचवू," आतल्या खोलीतून बायका ओरडल्या.

"दोष धुरांड्याच्या टोपीचा आहे," रिफ्कीकाकांनी निकाल दिला आणि कुणी अडवायच्या आत शिडी लावून ते छपरावर चढले. टोपी गंजून घट्ट बसली होती. काकांनी तिला लाथ घातली. टोपी हलली नाही, पण आत साठलेली सगळी काजळी सुटली. नळीचा सांधा निखळला आणि खोलीत एकदम अंधार झाला. तो निवळला तेव्हा वाढून ठेवलेला हलवा काळा, इमामसाहेबांची दाढी काळी, बायकांचे पांढरे रुमाल काळे. सगळी मंडळी खाणीतली पाळी संपवून वर आल्यासारखी दिसत होती.

तेव्हा काकू बाहेर आल्या. त्यांनी खिडक्या सताड उघडल्या, झडप सरळ केली, धगधगते निखारे फावड्याने बादलीत भरले आणि अंगणात नेऊन विझवले. "लोदोस असला की या घरात शेगडी पेटत नाही," त्या म्हणाल्या. "अंगावर गोधड्या घेतो आम्ही." उस्ताद आणि रिफ्कीकाका आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूला, म्हणजे खाली मान घालून, उभे राहिले.

पाहुणे हात धुऊन गेले. गारठलेल्या खोलीत नेवझातने अंगावर गोधडी ओढून घेतली. मग म्हणाला, "आई, माझंच चुकलं. तुला सगळं जमतं. तू राहा इथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही."

काकूंचा चेहरा उजळला. भिंती पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे गॅसचं काय ते यंत्र आहे ना, घर गरम करायचं? ते कोण बघतं?"

"मीच की."

"त्याचा धूर कुठून जातो?"

"आहे भिंतीत एक भोक. त्यातून गार वारा यायचा, म्हणून मी चिंध्या कोंबून बंद केलंय."

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. "आणि माझी नातवंडं कुठे झोपतात?"

"तिथेच शेजारी. का गं?"

काकू खाली बसल्या आणि रडू लागल्या. दुर्सूनकाका गेल्याला इतके दिवस झाले, पण त्या अशा हमसून रडल्या नव्हत्या. मग डोळे पुसून उठल्या आणि कपाटातून पिशवी काढली.

"सूनबाईला आत्ता फोन लाव. म्हणावं, त्या चिंध्या काढ आणि यंत्र बंद कर. आणि तू सकाळच्या बसची दोन तिकिटं काढ."

"अगं पण आई, तुला तर इथे एकटीला राहता येतं!"

"मला येतं रे," काकू म्हणाल्या आणि एकेक कपडा पिशवीत भरू लागल्या. "तुम्हाला नाही येत."