एकचश्मी राजा

आमच्या रोहण्यात वासुदेव काकाजीले कोणतीबी पाटी रंगवाले द्या, तिच्यावर घोड्यावर बसलेला राजा येतेच. दुधाची डेअरी असो, न्हाव्याचं दुकान असो, नाई तर संडासाची भिंत. अक्षरं बारकी, राजा मोठा. डोक्यामागं सोनेरी तेज, हातात गुलाब, मागं छत्री धरलेला नोकर, अन् घोड्याचे पाय मेंदीनं लाल. काकाजी म्हणते, जुन्या दरबारातले चितारी राजाची सवारी अशीच काढत. एका कॅलेंडरावर त्याईनं तसं चित्र पाह्यलं, अन् तवापासून माणूस कामातून गेला.

मी पंक्चरचं दुकान टाकलं तवा पाटी त्याईलेच सांगतली. मले म्हणे, "गज्या, राजा तूच होजो. उद्या येजो, एकचश्मी काढतो तुले."

मी शाळेचं तोंड पाह्यलेला माणूस नाई. एकचश्मी म्हणजे काणा, असं मी समजलो. असन एखादा राजा काणा, आपल्याले काय. दुसऱ्या दिवशी जाऊन रंगाच्या ड्रमवर टांग टाकून बसलो अन् डावा डोळा गच्च मिटला. मान आखडली, गाल दुखाले लागला, पण राजा हलला नाई. पाण्याले निघालेल्या शेजारच्या वहिनीले वाटलं, मी तिले डोळा मारून राह्यलो. ते सरळ आमच्या घरी गेली. त्या दिवशी राजा उपाशी झोपला.

काकाजीनं मंग समजावलं. चेहरा बाजूनं काढला का एकच डोळा दिसते, ते एकचश्मी. "राजा समोर पाह्यत नसते, लेका. समोरून आधारकार्डाचा फोटो असते."

पाटी लागली. येणारा-जाणारा विचारे, गजाभाऊ, घोड्याचं पंक्चर काढून राह्यला का?

एक दिवस काकाजीची शिडी वापस कराले गेलतो. आतल्या खोलीत भिंतीएवढा प्लायवूड उभा. त्याच्यावर असा घोडा, का आता खिंकाळते का मंग. आयाळीचा केस न् केस काढलेला. छत्री होती, गुलाब होता, तलवार होती. राजाच्या गळ्याच्या वर मात्र नुसतं लाकूड.

माह्या तोंडाले कुठं दम आहे. म्हटलं, काकाजी, राजा मुंडकं घरीच इसरला का?

काकाजी म्हणाले, "देवा आहे तो."

देवा त्याईचा एकुलता एक पोरगा. मालाचा ऑटो चालवे, मी त्याच्यावर हमाल. आष्टीच्या बाजाराले आम्ही संगंच जाओ. परारच्या साली काविळीनं गेला. त्याले खांदा देल्लेला माणूस मी, अन् मीच हे बोललो.

खाली देवाचे सगळे फोटो मांडले होते. लायसनचा, आधारकार्डाचा, मावसभावाच्या लग्नातला.

"सगळे समोरून आहे," काकाजी म्हणाले. "बाजूनं कोणीच नाई काढला. त्याचं नाक बाजूनं कसं होतं, मले आठवत नाई रे. तू त्याच्या बाजूले बसत होता. तू पाह्यलं."

बसलो तर खरा, किती वर्षं. पण मी रस्त्यातले खड्डे पाहो, नाई तर तोंड उघडं टाकून त्याच्याच खांद्यावर झोपो. तेच त्याईले सांगतलं. त्याईनं माह्या हातात खडू देल्ला. मी अंगठा लावणारा माणूस. त्या कोऱ्या लाकडावर रेघ ओढली, तं नाकाचं वांगं झालं.

काकाजीनं जवळ येऊन पाह्यलं. "असं नोतं त्याचं."

"मंग कसं होतं?"

"ते नाई सांगता येत. पण असं नोतं."

आता दुकान बंद केलं का मी रोज तिकडं जातो अन् एक नाक काढतो. काकाजी चष्मा लावून पाह्यते, बोळ्यानं पुसून टाकते, अन् चहा ठेवते. काल मीच कंटाळलो. म्हटलं, काकाजी, बसवून टाकू आता कोणतंबी एक. कोण पाहून राह्यलं?

"नको," म्हणे. "मंग घोड्यावर दुसऱ्याचं पोरगं बसन."