शांत स्वभावाचा मासा पाहिजे

आमच्या शेजारचे गुलाबराव इंगळे फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाहीत. "कोन गेलं?" असं विचारतात. एकदा कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीच्या मुलीनं त्यांना सकाळी सकाळी फोन लावला. "कोन गेलं?" ऐकून ती बिचारी इतकी गडबडली की कर्जाचं राहिलंच, ती त्यांचंच सांत्वन करून मोकळी झाली. काकू गेल्याचा निरोप त्यांना फोनवरच मिळाला होता, तेव्हापासूनची ही सवय. त्यामुळे हसू येतं आणि मग हसल्याचं वाईटही वाटतं.

अकोल्यातली आमची अख्खी कॉलनी त्यांना काकाजीच म्हणते. काकाजींना सगळ्याचीच भीती वाटते. गॅसची, गच्चीवरच्या टाकीची, कॉलनीत शिरणाऱ्या अनोळखी कुत्र्याची, आणि ओळखीच्या कुत्र्याची तर जास्तच, कारण त्याला आपलं घर माहीत आहे. "मले भेव लागते बाप्पा" हे त्यांचं पालुपद. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली आणि ती त्यांनी धरण फुटेल या धास्तीत काढली. त्यांच्या देखरेखीखालचं एकही धरण फुटलं नाही. याचं श्रेय ते सिमेंटला देत नाहीत, स्वतःच्या भीतीला देतात.

अशा माणसाच्या बैठकीत समुद्र आहे. खराखुरा, खाऱ्या पाण्याचा. एकुलता एक मुलगा मंगेश व्यापारी जहाजावर नोकरीला लागला, पण त्याआधीच त्याला समुद्राचं वेड लागलं होतं. त्यानं काचेची भलीमोठी टाकी आणली, मीठ मोजून पाणी केलं, जिवंत प्रवाळ लावलं, पट्ट्यापट्ट्यांच्या नारिंगी माशांची जोडी सोडली आणि सगळं बापाच्या हवाली करून जहाजावर गेला. आमच्याकडे मे महिन्यात माणसं घरात बसून शिजतात, आणि हा गृहस्थ टाकीवर दोन पंखे लावून, इन्व्हर्टरला हात जोडून, समुद्र गार ठेवत बसतो. लाइट गेली की स्वतः घामानं निथळत माशांना पुठ्ठ्यानं वारा घालताना मी त्यांना पाहिलं आहे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्या प्रवाळावर किडे पडले. तांबूस, चपटे, नखाएवढेही नाहीत, पण रोज वाढणारे. ते प्रवाळाला झाकून टाकतात आणि प्रवाळ मरतं. औषध टाकावं तर हे किडे मरता मरता पाण्यात विष सोडतात म्हणे. हे कळल्यावर काकाजींनी औषधाची बाटली आमच्या घरी आणून ठेवली. त्यांच्या घरात तिची भीती वाटत होती.

उपाय एकच होता. रॅस नावाचा मासा असे किडे वेचून खातो. अमरावतीत एक दुकानदार असे मासे मागवून देतो. काकाजींनी त्याच्याकडे जी चौकशी सुरू केली, तेवढी आमच्याकडे मुलीचं स्थळ पाहतानाही होत नाही. स्वभाव कसा, भांडतो का, घरातल्या जुन्यांशी पटवून घेईल का. दुकानदारानं आधी सहा पट्ट्यांचा रॅस सुचवला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की किड्यांचा कर्दनकाळ आहे, पण अंगानं भरला की गुंडगिरी करतो. काकाजींनी फोटोवरूनच त्याला नाकारलं. डोळे बरोबर नाहीत म्हणाले.

मग पिवळा रॅस निघाला. हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळाधमक. दुकानदार म्हणाला, "साहेब, निरा गाय हाय."

"गायही लात मारते," काकाजी म्हणाले.

शेवटी मीच वैतागून त्यांना गाडीत घातलं आणि अमरावतीला नेलं. येताना थर्माकोलचा डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर, आणि समोर ट्रक दिसला की डोळे मिटलेले. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी मला इतक्या वेळा हळू चालवायला लावलं की एक बैलगाडी आम्हाला मागे टाकते की काय असं वाटू लागलं. दुकानदारानं निघताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. हा मासा पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून झाकण हवं. आणि नव्या घरात गेल्यावर तो वाळूत शिरून काही दिवस दिसत नाही, घाबरायचं नाही. पहिली गोष्ट काकाजींनी लगेच केली, खिडकीची डासांची जाळी काढून टाकीवर ताणली. दुसरी त्यांच्या हातातलीच नव्हती.

मासा सोडला. त्यानं एक गिरकी घेतली, डाव्या कोपऱ्यात वाळूत तोंड खुपसलं आणि नाहीसा झाला.

काकाजींनी काचेवर, तो शिरला तिथे, लाल मार्करनं खूण केली. धरणाच्या भिंतीला भेग दिसली की तिच्या टोकाशी अशी खूण करून भेग सरकते का ते पाहतात. मग त्या खुणेसमोर खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशीही. वाळू उकरून पाहायची भीती, न पाहायची त्याहून भीती. दुकानदारानं त्यांचे फोन घेणं बंद केलं.

त्याच दिवसांत मंगेशचं जहाज अशा भागात शिरलं होतं जिथून फोन होणार नव्हता. त्यानं तसं आधी सांगून ठेवलं होतं. पण बातम्यांत कुठल्या तरी समुद्रात जहाजांवर हल्ले झाल्याचं दाखवत होते. तो समुद्र मंगेशच्या वाटेवरचा आहे की नाही, आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. काकाजींनी टीव्हीची वायरच काढून टाकली होती.

मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर सकाळचा चहा तसाच साय धरून पडलेला. मला राग आला. म्हटलं, "काकाजी, एका माशापायी जीव देता का? दुसरा आणू."

ते काचेवरून नजर न हलवता म्हणाले, "मंग्या जातानी म्हने, बाबा, समुद्र तुमच्यापाशी ठेवून जातो. आता हा घरातला एवढुसा मले समाळता नाई आला, तं त्या मोठ्याले मी कोन्त्या तोंडानं सांगू, का माह्यं पोरगं समाळ?"

आजवर मी त्यांच्या भीतीवर कॉलनीभर विनोद सांगत आले, पण त्या दुपारी ती भीती मलाही शिवली. मी दुसरी खुर्ची ओढली आणि खुणेकडे पाहत बसले.

पहिल्यांदा मलाच दिसलं. खूण डाव्या कोपऱ्यात, आणि मासा पार उजव्या टोकाला, पंपामागून, अंगावरची वाळू झटकत निघाला होता. काकाजी इतके दिवस रिकाम्या वाळूवर पहारा करत होते. मी काकाजींचा हात दाबून तिकडे बोट केलं. मासा नारिंगी जोडीच्या शेजारून खाली मान घालून गेला, प्रवाळापाशी थांबला आणि एक किडा टिपला. मग दुसरा. काकाजींनी तो थंड चहा एका घोटात पिऊन टाकला.

पण मंगेशचा फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. किडे कमी होत गेले, प्रवाळ पुन्हा फुलू लागलं, आणि काकाजी खुर्चीतच.

रविवारी मी डबा ठेवायला गेले तेव्हा फोन वाजला. लांबलचक अनोळखी नंबर. काकाजींनी तो उचलला नाही, माझ्याकडे सरकवला.

"तू घे माय. मले इचारता येत नाई."

मी हॅलो म्हटलं. आधी नुसती घरघर, मग मंगेशचा आवाज. बाबा कुठे आहेत, विचारत होता. मी काकाजींकडे पाहून होकाराची मान हलवली आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

कोण गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. मग टाकीकडे पाहत म्हणाले, "मासा वाळूत गेलता रे. दिसेच ना. पन निंघाला, आपल्या मनानंच निंघाला."

आणि जरा थांबून, अगदी हळू, "तू कवा निंघतं?"