ओदेतबाईंचं काम

त्या फ्रेंच गावाच्या नगरपालिकेत इंग्रजी क्रियापदांचे अर्थ खिडकीवर मिळत, आणि ‘मिस’ची खिडकी वेंगुर्ल्याहून आलेल्या मंजिरी खानोलकरकडे होती. बहुतेक लोक बस चुकल्याचा अर्थ घेऊन जात. तो हलका होता आणि लगेच वापरता येई.

आर्मां हे पावाच्या भट्टीवर आयुष्य काढलेले म्हातारे गृहस्थ. त्यांनी माणसाची उणीव भासण्याचा अर्थ मागितला.

“तो तुमच्या फ्रेंचमध्ये आहेच की,” मंजिरी म्हणाली.

“आहे. पण आमच्यात ‘ओदेत मला उणी पडते’ असं म्हणतात. म्हणजे सगळं काम तिनेच करायचं. माझी बायको ती, वारल्यापासून रोज करतेय. मंगळवारी तिने केलं नाही. मी कांदे लावले, पोटभर जेवलो, झोपलो. सकाळी लक्षात आलं. थकली असणार ती. इंग्रजीत हे काम मागे राहिलेल्याचं असतं म्हणे.”

“असतं. पण कर्ता बदलायचा तर आधीच्या कर्त्याची संमती लागते.”

“बाहेर बाकावर बसलीये.”

ओदेतबाई भिंतीचा आधार घेत आत आल्या. मंजिरीने त्यांना खुर्ची दिली. तब्येत विचारायचं तोंडावर आलं होतं, ते तिने आवरलं.

“मंगळवारी काय झालं, मादाम?”

“अंगात त्राणच नव्हतं. म्हटलं, एक दिवस चालून जाईल.”

“चाललं,” आर्मां म्हणाले. “त्याचंच वाईट वाटलं.”

ओदेतबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. “तुला झेपणार नाही. गॅस बंद करायचं तरी तुझ्या लक्षात राहतं का?”

“हे राहील.”

“मग सकाळीच करत जा. लोकांसमोर करू नकोस, त्यांना काय बोलावं सुचत नाही. आणि माझ्या आजारपणापासून सुरुवात करू नकोस. त्याआधीही बरंच होतं.”

आर्मांनी ते सगळं पुटपुटत पाठ केलं. मंजिरीने रीतसर विचारलं, तेव्हा ओदेतबाईंनी संमती दिली. मग त्या उठल्या, स्कार्फ सारखा केला आणि कठड्याला हात न लावता जिना उतरून गेल्या.

त्यांच्या पावलांचा आवाज थांबला, तसे आर्मां खिडकीच्या कडेला धरून उभे राहिले.

“जड आहे,” ते म्हणाले.

“हो. बसा तुम्ही.”

ते बसले. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या भाषेत हे कोण करतं?”

“कोणीच नाही. आमच्यात आठवण स्वतःच येते.”

“आणि नाही आली तर?”

मंजिरीच्या हातातला शिक्का तसाच राहिला. वडिलांची आठवण शेवटची कधी आली होती, हे तिला काही केल्या सांगता येईना.

“आपल्याला कळत नाही,” ती म्हणाली. मग तिने खिडकी बंद केली आणि दुसऱ्या बाजूला, अर्ज घेणाऱ्यांच्या रांगेत, जाऊन उभी राहिली.