छपराखाली डुक्कर

विश्रामबागेत आमच्या शेजारच्या फाटकाशी आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मोटारसायकल थांबवतं आणि विचारतं, "काका, दोन हाफ मंचुरियन पार्सल मिळेल का?"

फाटकामागून सुभेदार निकम बाहेर येतात. साठी कधीच ओलांडलेली, पण पाठ ताठ, मिशा पांढऱ्याशुभ्र आणि घरातसुद्धा पायात पॉलिश केलेले बूट. दुसरा कुणी असता तर खेकसला असता. सुभेदारांचा चेहरा खुलतो, कारण गिऱ्हाईक आयतं चालून आलेलं असतं.

"मंचुरियन न्हाई. पर थांब गड्या, त्येच्यापरीस भारी चीज दावतो."

फाटकाच्या खांबावर, जिथे चारचौघांच्या घराला 'मातृछाया' किंवा 'श्रमसाफल्य' असं लिहिलेलं असतं, तिथे सुभेदारांनी स्वतःच्या हाताने लाल ऑइलपेंटमध्ये हातभर उंचीचं एक चिनी अक्षर रंगवलंय. त्यावर छडी टेकवून तास सुरू होतो.

"ह्ये वरचं काय? छप्पर. आन् खाली ह्यो कोन? डुक्कर! आता सांग, छपराखाली डुक्कर म्हंजी काय?"

"खुराडं?" पोरगं बिचकत म्हणतं.

"घर! लेका, घर! म्हनायचं 'जिया'. आरं, पार जुन्या काळचं अक्षर हाय ह्ये. ज्येच्या दारात डुक्कर त्येचं बस्तान बसलं. आपल्यात म्हस, त्यांच्यात डुक्कर. कळलं का?"

पोरगं भुकेलेलं असतं. ते 'कळलं' म्हणतं आणि गिअर टाकतं. सुभेदार मात्र ते दिसेनासं होईपर्यंत समाधानाने बघत राहतात. आणखी एक माणूस शहाणा झाला!

सुभेदार मूळचे सातारा जिल्ह्यातल्या निकमवाडीचे. घरटी एक माणूस फौजेत अशी वाडी. त्यांची बरीच नोकरी उत्तरेच्या सरहद्दीवर गेली. तिथे कधीमधी दोन्ही बाजूंचे अधिकारी बैठकीला बसत, तेव्हा दुभाष्याला मदतनीस हवा म्हणून यांना चिनी भाषेच्या कोर्सला पाठवलं. तिथून परत येताना ते एक ट्रंक, एक लोकरी कानटोपी आणि हे अक्षर घेऊन आले. ट्रंक गंजली, कानटोपी कसरीने खाल्ली. अक्षर राहिलं.

या एका अक्षरातून ते काय काय काढतात, ते ऐकण्यासारखं असतं. 'लाओजिया' म्हणजे जुनं घर, आपलं मूळ गाव. 'क्वोजिया' म्हणजे देश. लेखक असो की चित्रकार, ज्याचा आपल्या कामात हात बसला त्याच्या शेपटीला हे 'जिया' लागतं. चीनमध्ये शीजियाच्वांग नावाचं मोठं शहर आहे. सुभेदारांच्या मते ते शहर वगैरे काही नाही. "शी भावकीची वाडी! आदी वाडीच हुती, मागनं फुगली. आपली निकमवाडी फुगली आसती तर आज तिथं बी इमान उतरलं आसतं."

'दाजिया' म्हणजे मोठं घर, म्हणजेच सगळे जण, समस्त मंडळी. या शब्दाने एकदा घोटाळा केला. गणेश मंडळाच्या बक्षीस समारंभाला सुभेदार पाहुणे होते. माईक हातात घेऊन त्यांनी फौजी आवाजात सुरुवात केली, "दाजिया!" अध्यक्षांच्या बहिणीचे यजमान कोल्हापूरहून आले होते, ते पहिल्याच रांगेत बसलेले. त्यांना वाटलं, 'दाजी, या' म्हणून आपल्यालाच बोलावतायत. ते लाजत उठले, टोपी सारखी केली आणि स्टेजवर चढले. आता चढलेल्या दाजींना उतरवायचं कसं? शेवटी निम्मी बक्षिसं त्यांच्या हस्ते दिली गेली.

सुभेदारांच्या पत्नी शालनकाकूंचं या अक्षराशी पहिल्यापासून वाकडं. लग्नानंतर नवरा रजेवर यायचा आणि उठता-बसता 'जिया, जिया' करायचा. "मला वाटलं, तिकडं कोन बया ठेवली का काय!" काकू अजूनही सांगतात. "दोन वर्सं मी धड बोलले न्हाई. मागनं कळलं, डुक्कर हाय म्हनून."

"आगं, डुक्कर न्हाई, घर," सुभेदार आतून दुरुस्ती करतात.

"छपराखालचं डुक्कर कोन ते मला ठावं हाय," काकू म्हणतात आणि चहा टाकायला जातात.

मी मिरजेच्या एका दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर असतो. फार्मसीची रीतसर पदवी घेतलेला माणूस मी, पण सुभेदार मला 'कंपौंडर'च म्हणतात. बारा वर्षांच्या शेजारात मला एक शंका येऊ लागली होती, आणि ती आमच्या अख्ख्या गल्लीलाच होती, की सुभेदारांना या अक्षरापलीकडे चिनी येत नसावं. टीव्हीवर चिनी माणूस बोलायला लागला की ते हमखास पाणी प्यायला उठायचे.

त्या शंकेचा निकाल लागायची वेळ मागच्या हिवाळ्यात आली.

कुपवाडच्या एका कारखान्यात नवीन मशीन बसवायला चीनहून एक तंत्रज्ञ आला होता. तिशीचा, किडकिडीत. दुपारी त्याच्या पोटात कळ आली म्हणून कारखान्याच्या मॅनेजरने त्याला आमच्याकडे आणलं. अपेंडिक्स. डॉक्टर म्हणाले, उशीर केला तर आत फुटेल. मॅनेजरने हे मोबाइलच्या भाषांतरात घातलं. मोबाइलने त्याला सांगितलं (हे आम्हाला मागाहून कळलं) की तुमच्या पुस्तकाचं परिशिष्ट कापावं लागेल. तो दचकला. मग पुण्याच्या एका दुभाष्याला फोन लावला, त्याने सगळं नीट समजावलं. तंत्रज्ञाला समजलं, पण पटलं नाही. त्याने मान हलवली, बूट घातले, बॅग छातीशी धरली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. कुणी हात लावला की अंग चोरायचा. सही करायला तयार नाही.

"फोनवर नको, समोर बसून बोलेल असं चिनी जाणणारं आपल्या ओळखीत कुणीच नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या तोंडून नाव निघून गेलं आणि लगेच वाटलं, गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

मी स्कूटरवरून त्यांना आणायला गेलो. सुभेदार तयार झाले, पण नेहमीसारखे बोलेनात. मिरजेच्या रस्त्याला लागल्यावर मागून खांद्यावर हात पडला.

"कंपौंडर, योक सांगू? रागावू नगा."

"बोला की."

"कोर्स केला त्येला चाळीस वर्सं झाली. तवा हजार अक्षरं यायची. एकेक करत समदी गेली. आता माज्याकडं त्येवढं एकच हाय."

मी ब्रेक दाबला. "मग आता हो?"

"आता काय? फौजी मानूस माघारी फिरत नसतो. चला."

खोलीत डॉक्टर, दोन सिस्टर, मॅनेजर आणि दारात वॉचमन. सुभेदार पलंगासमोर ताठ उभे राहिले. त्या माणसाने मिशांकडे बघितलं आणि बॅग आणखी घट्ट धरली. सुभेदारांनी एकदा मिशांवरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

तेवढ्यात सुभेदारांची नजर केसपेपरला टाचलेल्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर गेली. त्यांनी ती जवळजवळ हिसकावली.

"आवं कंपौंडर! ह्ये बगा! ह्येच्या नावातच हाय की! छप्पर! डुक्कर!" आणि त्या नावावर बोट ठेवून ते ओरडले, "जिया! जियामिंग!"

भिंतीकडचं तोंड पहिल्यांदा वळलं.

सुभेदारांनी माझ्या खिशातलं पेन काढलं, स्वतःच्या तळहातावर ते अक्षर काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. मग विचारलं, "लाओजिया?" म्हणजे मूळ गाव कुठलं?

त्याने काहीतरी भराभर सांगितलं. सुभेदारांना त्यातलं शेपूट तेवढं कळलं आणि ते उडालेच. "लीजियाच्वांग! ली लोकांची वाडी! डॉक्टरसायेब, ह्यो वाडीचा हाय, वाडीचा! आपल्यावानी!" स्वतःच्या छातीवर हात मारून त्यांनी ओळख करून दिली, "निक-जिया-च्वांग!"

सूर साफ चुकले असणार, कारण त्या माणसाला कळायला क्षणभर लागलं. मग एवढ्या कळा येत असूनही तो हसला.

सुभेदार खुर्ची ओढून जवळ बसले. आवाज खाली आणला. "श्यांगजिया?"

घराची आठवण येते का? त्याचे डोळे भरले.

"श्यांगजिया," सुभेदार स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले. हाताने उंच डोंगर दाखवला, थंडीने कुडकुडून दाखवलं, मग बोटांवर मोजून दाखवली फौजेतली अठ्ठावीस वर्षं. "लय. लय श्यांगजिया."

मग त्यांनी त्याच्या पोटाकडे बोट केलं, ऑपरेशनच्या खोलीकडे केलं, तळहातावर कात्री चालवून दाखवली आणि लगेच विमान उडवलं. "ह्वेजिया!" आधी ते, मग घरी. उलट्या क्रमाने जमणार नाही, हेही मान हलवून बजावलं. शेवटी उभे राहून डॉक्टर, सिस्टर, मॅनेजर, वॉचमन आणि मी, सगळ्यांवरून हात फिरवला. "दाजिया. समदे हाईत हितं. भ्याचं न्हाई."

त्याने बॅग सोडली. बूट काढले. कागद मागितला.

सही चालू असताना त्याचा फोन वाजला. पडद्यावर त्याची आई, डोक्याला रुमाल बांधलेली, रडून डोळे सुजलेले. लेकाशी बोलता बोलता तिला मागे मिशा दिसल्या. तिने काहीतरी विचारलं. त्याने फोन सुभेदारांपुढे धरला. तिने पुन्हा विचारलं. 'तुम्ही कोण?' हे कळायला भाषा लागत नाही.

शेजारी, निवृत्त सुभेदार, दुभाष्याचा मदतनीस, यातलं काहीच सुभेदारांच्या अक्षरात बसत नव्हतं. मग म्हणाले, "जियारन."

घरचा माणूस.

त्या बाईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, थेट आपल्याकडे लावतात तसे.

ऑपरेशन नीट झालं. आता घरी जा, म्हणून सिस्टरने सुभेदारांना तीनदा सांगितलं. ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शालनकाकूंना घेऊन आलो. त्यांच्या हातात तांदळाच्या पेजेचा थर्मास. "तिकडं बी ह्येच खात्यात म्हनं आजाऱ्याला," त्या म्हणाल्या. डॉक्टर तपासत होते, म्हणून आम्ही बाहेर बाकावर बसलो.

मी हसत म्हणालो, "काकू, सुभेदारांनी काल मैदान मारलं. पण रात्रभर कशाला बसायचं? इथे सिस्टर असतात की."

काकूंनी थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

"त्यांची आई मिरजंतच गेली. लय वर्सं झाली. हितंच ॲडमिट हुती, दुसऱ्या दवाखान्यात. ह्ये वर बर्फात. तार पोचली आन् ह्ये आले तवर तेरावं बी हून गेलं हुतं. मी बाळतीन, माहेरी. सासरे पैशासाटनं गावाकडं गेलेले, आन् त्याच वक्ताला तिचं झालं. शेजारच्या खाटंवर कुनाची तरी बाई हुती, जत भागातली. कानडीच बोलायची म्हनं. तिनं सासूबाईंचं डोस्कं मांडीवर घिऊन पानी पाजलं."

"मग?"

"मग काय? रजा संपस्तोवर ह्ये त्या बाईला हुडकत फिरले. जतंची गावंच्या गावं पालथी घातली. नाव ठावं न्हाई, गाव ठावं न्हाई. तिच्या पाया पडायचं हुतं त्यास्नी." काकूंनी पदराने नाक पुसलं. "घावली न्हाई."

डॉक्टर बाहेर आले. "आता थोडं थोडं पाणी द्यायला हरकत नाही," म्हणाले आणि पुढे गेले.

काकू उठल्या, मी दार अर्धं लोटलं आणि आम्ही दोघं तिथेच थांबलो. सुभेदार पलंगाच्या कडेला बसले होते. डाव्या हाताने त्या माणसाची मान उचलून धरली होती, उजव्या हातात चमचा. बूट काढून ठेवलेले, पायात नुसते मोजे. अक्षरांचा साठा बहुतेक कालच संपला होता, कारण आता ते सरळ निकमवाडीच्या भाषेत बोलत होते.

"सावकाश, गड्या. सावकाश. मी हाय हितं."

त्याने तोंड उघडलं आणि एक घोट घेतला.